‘आळशी’ मुलाच्या शेजारी कोण बसणार?

सातपायरी घाटाची वळणे संपली की तोरणमाळचे पठार लागते. समुद्रसपाटीपासून साधारण ११५० मीटर उंचीवरचे हे ठिकाण पर्यटकांना यशवंत तलाव, सीताखाई आणि महाशिवरात्रीच्या यात्रेसाठी ठाऊक आहे. त्याच पठारावर शाळेचेही एक जग आहे. आसपासच्या डोंगरांवर विखुरलेल्या पाड्यांमधल्या छोट्या शाळांतील मुलांना एकत्र आणून येथे जिल्हा परिषदेची निवासी शाळा उभी राहिली. धडगाव, मोलगी, अक्कलकुवा या साऱ्या भागातच शिक्षण म्हणजे बहुतेक मुलांसाठी घर सोडून राहणे. घरात पावरी किंवा भिलोरी बोलणारे मूल शाळेत मराठी पुस्तकासमोर बसते. कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा बांधकामाच्या कामाला गुजरातेत जातात. मुलाला काही दुखले-खुपले तर धावून येणारी आई कधी कधी दोनशे-तीनशे किलोमीटर दूर असते.

अशा एखाद्या वसतिगृहातला नववीचा मुलगा डोळ्यांसमोर आणावा. सकाळच्या कवायतीला तो कडेला बसतो. वर्गात सगळ्यांत ठेंगणा तोच. डोळे पिवळसर दिसतात. थंडी वाढली की हातपाय दुखतात म्हणून तो अंथरुणातून उठत नाही. रात्री तीनदा लघवीला उठतो आणि एखाद्या रात्री उठायला उशीर होतो. सकाळी खोलीतली मुले त्याला काय म्हणत असतील, ते सांगायला नको. मोठ्यांच्या लेखी तो आळशी ठरलेला असतो. या मुलाला नाव-गाव नाही. पण सिकलसेल आजार जिथे आहे, तिथल्या कोणत्याही शाळेत तो भेटू शकतो.

लक्षणे आणि चिडवण्याची कारणे

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. एवढ्या एका बदलामुळे प्राणवायू कमी पडताच गोल, लवचिक तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठर होतात. निरोगी तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, तर अशी पेशी १० ते २० दिवसांत नष्ट होते. म्हणून रक्त कायम कमी आणि थकवा कायम. फुटलेल्या पेशींतून बाहेर पडणाऱ्या द्रव्यामुळे डोळे पिवळे होतात. ताठर पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की हाडे, सांधे, छाती किंवा पोटात असह्य वेदना उठतात. या झटक्याला डॉक्टर ‘क्रायसिस’ म्हणतात. थंडी, शरीरातले पाणी कमी होणे, अतिश्रम आणि जंतुसंसर्ग ही त्याची नेहमीची कारणे. तोरणमाळची जी थंडी पर्यटकाला सुखावते, तीच या मुलाला आजारी पाडू शकते.

आजार मूत्रपिंडावरही परिणाम करतो. लघवी घट्ट करण्याची त्याची क्षमता घटते. त्यामुळे पुन्हा पुन्हा लघवीला जावे लागते आणि मोठ्या वयातही अंथरूण ओले होण्याचे प्रमाण या मुलांत जास्त असते. उंची उशिरा वाढते, वयात येणेही लांबते.

आता ही यादी पुन्हा वाचावी. ठेंगणेपणा, पिवळे डोळे, खेळात मागे पडणे, अंथरूण ओले होणे. डॉक्टरच्या वहीत ही लक्षणे आहेत आणि वसतिगृहात हीच चिडवण्याची कारणे. चिडवले जाणारे मूल काय करते? आजार लपवते. अंथरूण ओले होऊ नये म्हणून संध्याकाळनंतर पाणी पिणे टाळते. गोळी घेताना कोणी पाहील म्हणून गोळी चुकवते. अंगात बळ नसताना मैदानावर धावते. पाणी कमी, औषध नाही आणि वर श्रम, म्हणजे झटक्याला हवे असलेले सारे एकत्र आले. सोबत्यांचे हसणे अशा वाटेने मुलाच्या रक्तापर्यंत पोहोचते.

नंदुरबार जिल्ह्याला हा आजार नवा नाही. राज्याचा सिकलसेल नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा सुरुवातीच्या जिल्ह्यांत नंदुरबार होता. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहीम सुरू झाली. १७ राज्यांतील सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचे उद्दिष्ट. तपासणी शाळाशाळांत पोहोचते आहे. तपासणीनंतर मुलाच्या हाती कार्ड येते. त्या कार्डासकट त्याला आपल्या खोलीत, आपल्या वर्गात राहायचे असते. तिथे त्याला सामावून घेणारे कोणी आहे का, याचे उत्तर रक्ताच्या थेंबातून मिळत नाही.

आपलेपणा शिकवता येतो का?

करुणा आणि स्वीकार या विषयावर माध्यमिक शाळांत कार्यशाळा घेण्याची पद्धत जगात अनेक ठिकाणी रुजली आहे. मुलांना आठ-दहा जणांच्या गटांत बसवायचे, प्रत्येक गटासोबत गावातला एक प्रशिक्षित स्वयंसेवक द्यायचा, ऐकून घेण्याचा सराव करायचा, चिडवणाऱ्याला कसे थांबवावे हे करून पाहायचे, असे तिचे साधारण रूप. ‘संस्कार घरातून येतात, ते एका दिवसात काय शिकवणार?’ असा प्रश्न यावर हमखास येतो. प्रश्न रास्त आहे आणि त्याला संशोधनाने उत्तरेही दिली आहेत.

पहिले उत्तर मेंदूविज्ञानाचे. वगळले जाणे ही मनाला लावून घेण्याइतकी किरकोळ गोष्ट नाही. नाओमी आयझेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये केलेल्या प्रयोगात, संगणकावरच्या चेंडूफेकीच्या खेळातून वगळले गेलेल्यांच्या मेंदूत शारीरिक वेदनेशी जोडलेला एक भाग अधिक सक्रिय झालेला दिसला. मित्रांच्या मताला सर्वाधिक किंमत असण्याच्या वयात हा घाव किती खोल जात असेल, याची कल्पना करता येते.

दुसरे उत्तर करुणेविषयी. जर्मनीतील टानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांच्या अभ्यासांत एक महत्त्वाचा फरक पुढे आला. दुसऱ्याचे दुःख नुसते आपलेसे करून घेण्याचा सराव केलेल्यांना स्वतःलाच अधिक त्रास होऊ लागला. त्यानंतर त्यांनी करुणेचा, म्हणजे समोरच्याचे भले चिंतून मदतीला सरसावण्याचा सराव केला तेव्हा त्यांच्या मनातल्या सुखद भावना वाढल्या. करुणा सरावाने वाढते आणि करणाऱ्यालाही सावरते, एवढे यावरून म्हणता येते. कीव मात्र वेगळी. कीव करणारा स्वतःला वरच्या पायरीवर ठेवतो. आजारी मुलाला तीही चिडवण्याइतकीच बोचते.

तिसरे उत्तर बघ्यांचे. फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठात तयार झालेला ‘किवा’ हा छळविरोधी कार्यक्रम चिडवणारा आणि चिडवला जाणारा या दोघांपुरता थांबत नाही. भोवती उभे राहून हसणाऱ्या किंवा गप्प बसणाऱ्या मुलांवर त्याचा मुख्य भर आहे. प्रेक्षक हसले नाहीत की चिडवण्यातली मजा संपते. त्यामुळे कार्यशाळेचा खरा विद्यार्थी आजारी मूल नसून त्याच्या खोलीतली बाकीची मुले आहेत.

शिक्षक की गावातला माणूस?

हे सारे शिकवायचे कोणी? शाळेत शिक्षक आहेतच, मग बाहेरची माणसे कशाला? या प्रश्नाचे उत्तर भारतातच, मोठ्या प्रमाणावर शोधले गेले आहे. गोव्यातील ‘संगत’ या संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील ७४ सरकारी माध्यमिक शाळांत ‘सेहेर’ नावाचा कार्यक्रम राबवला. काही शाळांत तो एका प्रशिक्षित सामान्य व्यक्तीने चालवला. तिला ‘सेहेर मित्र’ म्हणत. काही शाळांत तेच काम त्या शाळेतल्या शिक्षकाकडे दिले. उरलेल्या शाळांत नेहमीचा सरकारी कार्यक्रम तेवढा सुरू होता. सुरुवातीच्या पाहणीत नववीचे १३ हजारांहून अधिक विद्यार्थी होते.

आठ महिन्यांनंतरचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. मित्र असलेल्या शाळांत मुलांना शाळा अधिक आपली वाटू लागली. नैराश्याची लक्षणे, दादागिरी आणि हिंसा कमी झाली. शिक्षकाने राबवलेल्या शाळांत मात्र विशेष फरक दिसला नाही. दोन वर्षांनी पुन्हा पाहिले तेव्हा मित्रांच्या शाळांतला फायदा आणखी वाढला होता आणि शिक्षकांच्या शाळा होत्या तिथेच होत्या.

यात शिक्षकांना दोष देण्यासारखे काही नाही. अभ्यासक्रम, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, निवडणुकीची कामे यांतून त्यांना उसंत मिळत नाही. शिवाय जो गुण देतो आणि शिक्षा करतो, त्याच्यापुढे ‘मला रात्री भीती वाटते’ हे सांगणे मुलाला जड जाते. मित्राच्या हातात ना पट्टी असते, ना गुणपत्रिका.

‘सेहेर’मधून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तो एक दिवसाचा सोहळा नव्हता. प्रार्थनेच्या वेळी बोलणे, भिंतीवरचे नियतकालिक, मुलांनी नाव न लिहिता मनातले टाकावे अशी पेटी, मुलांचे गट, विद्यार्थी-पालक-शिक्षकांची समिती आणि गरज असलेल्या मुलाशी एकट्याने बोलणे, असे सारे वर्षभर चालत होते. कार्यशाळा हा त्यातला एक भाग. एका दिवशी मुलांना रडवून, गळाभेटी घडवून पाहुणे निघून गेले, तर उघडी पडलेली जखम घेऊन मूल त्याच खोलीत परत जाते.

पेठच्या गावांतली आत्मीयता

गावातली साधी माणसे मनाचे दुखणे ऐकू शकतात का, याचा अनुभव महाराष्ट्राकडेही आहे. पुण्यातील इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने २०१३ मध्ये नाशिक जिल्ह्यातील पेठ या आदिवासी तालुक्यातील ४१ गावांत ‘आत्मीयता’ हा प्रकल्प सुरू केला. गावातलेच काही जण ‘मित्र’ झाले. शेजारीपाजारी कोण खचले आहे, कोण गप्प गप्प राहते, हे ओळखायचे त्यांचे काम. थोडे अधिक प्रशिक्षण घेतलेले ‘चॅम्पियन’ त्या व्यक्तीला चार ते सहा वेळा भेटत, लक्ष देऊन ऐकत, अडचणीतून वाट काढायला मदत करत. मोबाइलवर छोट्या फिती दाखवत. पेन्शन किंवा सरकारी योजना अडली असेल तर तीही मार्गी लावायला हात देत आणि आजार गंभीर वाटला तर सरकारी रुग्णालयाकडे पाठवत. पुढे हाच प्रकल्प गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर गेला.

पेठ आणि तोरणमाळ यांत अंतर बरेच असले तरी डोंगर, विखुरलेले पाडे, स्थलांतर आणि डॉक्टरांची वानवा सारखीच. सातपुड्यात तर दुसऱ्याच्या कामाला धावून जाण्याची रीत जुनीच आहे. एखाद्याचे घर उभारायचे किंवा शेतातले काम उरकायचे असेल तर गाव मजुरी न घेता जमते आणि घरधनी सगळ्यांना जेवू घालतो. याला ‘लाह’ म्हणतात. शाळेतल्या मुलांसाठी दोन तास बसणे ही त्याच रीतीची पुढची पायरी ठरू शकते.

असे बसणारे कोण असू शकतात? पाड्यावरची आशा स्वयंसेविका, अंगणवाडीताई, त्याच शाळेतून शिकून कॉलेजात गेलेले युवक-युवती, बचतगटातल्या बाया आणि ज्यांच्या घरात सिकलसेल आहे असे आईवडील. त्यांचे सर्वांत मोठे भांडवल भाषा. दुखते कुठे हे मूल मराठीत सांगेल. भीती कशाची वाटते हे ते पावरीतच सांगेल.

घरचे दुखणे समाजाच्या कामी आणणाऱ्याचे मोठे उदाहरण नागपूरचे. संपत रामटेके यांच्या मुलाला सिकलसेल होता. त्यांनी सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली आणि आयुष्यभर रुग्णांच्या हक्कांसाठी पाठपुरावा केला. २०१८ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या २१ प्रकारांचा समावेश आहे, त्यात सिकलसेलही आहे. त्यामुळे शाळेने या मुलाला सामावून घेणे ही मेहेरबानी राहिलेली नाही. तो त्याचा कायदेशीर हक्क आहे.

कार्यशाळेचे पथ्य

चांगल्या हेतूनेही इजा होऊ शकते. म्हणून स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणात काय करू नये हे आधी यायला हवे.

मुलाचा आजार कोणीही, कधीही, सगळ्यांसमोर सांगायचा नाही. ‘ज्यांना सिकलसेल आहे त्यांनी उभे राहा’ हे वाक्य शाळेत उच्चारले जाता कामा नये. ‘ज्यांच्या बोलण्याला कधी कोणी हसले असेल त्यांनी एक पाऊल पुढे या,’ एवढे पुरते. जवळपास सगळेच पुढे येतात आणि एकटेपणा आपोआप सैल होतो. आजाराची माहिती द्यायची ती सगळ्या वर्गाला, कोणाकडेही बोट न दाखवता. तो संसर्गाने पसरत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही, कोणाच्या नजरेने किंवा पापाने होत नाही. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. तो सहसा धडधाकट असतो. दोन्ही आईवडील वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. हा दोष आला तरी कुठून, असे मुले विचारतात. वाहकांना गंभीर मलेरियापासून संरक्षण मिळते, म्हणून मलेरियाच्या प्रदेशांत हे जनुक टिकले, हे उत्तर त्यांना सांगावे. ज्याची लाज वाटते त्याने कधीकाळी पूर्वजांना जगवले, हे कळले की मान थोडी वर होते.

गोपनीयता छोट्या वस्तीत अवघड असते. स्वयंसेविका त्याच पाड्यावरची असेल तर बातमी घरी आणि पुढे सोयरिकीपर्यंत जाऊ शकते. मुलींना याची धास्ती अधिक. म्हणून शक्यतो दुसऱ्या पाड्यावरच्या मुलांचा गट द्यावा आणि ‘इथले इथेच’ हा नियम पहिल्याच दिवशी ठरावा. या नियमाला मर्यादाही आहे आणि ती मुलांना आधीच सांगावी. जिवाला धोका असेल तर गुपित ठेवता येत नाही. लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर पोक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मुलांच्या मदतीसाठी १०९८ आणि मानसिक आधारासाठी ‘टेलिमानस’चा १४४१६ हे दोन्ही क्रमांक विनामूल्य आहेत. ते भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असावेत.

स्वयंसेवकाने सल्ल्याची घाई करू नये. ‘असं होतंच, मनाला लावून घेऊ नकोस’ हे वाक्य संभाषण तिथेच संपवते. ‘मग पुढे काय झालं?’ या वाक्याने ते सुरू राहते. ऐकणाऱ्यालाही दुखणे ऐकून थकवा येतो. म्हणून स्वयंसेवकांनी कार्यशाळेनंतर आपसांत बसून मन मोकळे करण्याची वेळ वेळापत्रकातच असावी.

चार साध्या गोष्टी

कार्यशाळेतून उरायला हवे ते रोजच्या व्यवहारात. वर्गात प्रत्येक मुलाजवळ पाण्याची बाटली असावी आणि पाणी प्यायला, लघवीला जायला परवानगी मागावी लागू नये. नियम सगळ्यांनाच लागू असला की आजारी मूल वेगळे दिसत नाही. हिवाळ्यात स्वेटर, मोजे, जादा पांघरूण आणि आंघोळीला कोमट पाणी मिळावे. रात्री स्वच्छतागृहाच्या वाटेवर दिवा असावा. कवायतीच्या वेळी गुण मोजणे, शिट्टी वाजवणे, संघ निवडणे अशी मानाची कामे थकणाऱ्या मुलाला द्यावीत. दहावी-बारावीच्या परीक्षेत सिकलसेलग्रस्तांना तासाला २० मिनिटे जादा मिळतात. त्यासाठी लागणारी कागदपत्रे शाळेनेच वेळेवर पूर्ण करावीत.

धोक्याच्या खुणा खोलीतल्या सगळ्या मुलांना माहीत हव्यात. ताप, छातीत दुखणे, दम लागणे, पोट फुगून दुखणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे यांपैकी काही दिसले तर सकाळची वाट पाहायची नाही. गृहपालांना उठवायचे आणि १०८ ला फोन करायचा. घाट उतरायला वेळ लागतो, म्हणून इथे अर्धा तासही मोलाचा. हायड्रॉक्सियुरियासारखे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियमित घेतले तर झटके कमी होतात. पण रात्री दोन वाजता कण्हणाऱ्या मुलाचा आवाज प्रथम ऐकू येतो तो शेजारच्या गादीवरच्या मुलाला. त्याने कूस बदलून झोपायचे की उठून बसायचे, हे त्याला आदल्या महिन्यात त्या गोल बसलेल्या गटात कोणी काय शिकवले यावर अवलंबून असते.